देहदानाच्या अर्जात मेंदूचा रकाना हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन्स दिनाच्या आसपास कंपवाताविषयी वृत्तपत्रांतून बरेच लेखन येते. व्यायाम, आहार, मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया, आधारगट अशी सगळी माहिती त्यात असते आणि ती रुग्णांच्या उपयोगी पडते. मात्र या आजारावरचे मुख्य औषध, लेव्होडोपा, ज्या साहित्यातून सापडले, त्याचा उल्लेख त्यात जवळपास कधीच येत नाही. ते साहित्य म्हणजे मरण पावलेल्या माणसांचे मेंदू, जे त्यांच्या घरच्यांनी आणि रुग्णालयांनी संशोधकांच्या हाती दिले. महाराष्ट्रात नेत्रदान रुजले आहे, देहदानाचे अर्जही भरले जातात. मेंदूदानाबद्दल मात्र कोणी काही विचारतही नाही, म्हणून हे पत्र.

ओलेह हॉर्नीकिएविच या शास्त्रज्ञाची कारकीर्द पाहिली की हा मुद्दा नीट कळतो. जन्म १९२६ चा, आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्हजवळचा. व्हिएन्ना विद्यापीठातून १९५१ साली ते डॉक्टर झाले आणि १९५६ मध्ये ऑक्सफर्डला हर्मन ब्लाश्को यांच्याकडे शिकायला गेले. डोपामाइन हे मेंदूतल्या पेशींचे निरोप पोहोचवणारे रसायन आहे हे आज आपण जाणतो. पण ते म्हणजे शरीरात नॉरअ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक तयार होतानाचा नुसता मधला टप्पा, त्याला स्वतःचे काही काम नाही, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. ब्लाश्कोंना ती पटत नव्हती. त्यांनी या तरुण माणसाला डोपामाइनच्या मागे लावले.

याच सुमारास दुसरीकडून एक धागा येत होता आणि तो थेट मुंबईत सुरू झालेला आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधा आणि वाढलेला रक्तदाब यांवरचा निबंध प्रसिद्ध केला. या वनस्पतीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष गेले ते मुख्यतः त्यामुळे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातून रेसरपीन वेगळे काढण्यात आले. रेसरपीन घेणाऱ्या काही रुग्णांचे हातपाय जड होत, चेहरा निर्विकार होई, हालचाल मंदावे. म्हणजे हुबेहूब कंपवात. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली रेसरपीन दिलेल्या, निपचित पडलेल्या सशांना डोपा (शरीर ज्यापासून डोपामाइन बनवते तो पदार्थ) टोचले तेव्हा ते ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. मेंदूत डोपामाइन असते हेही त्याच काळात स्पष्ट झाले, आणि कुत्र्याच्या मेंदूत ते बहुतांशी स्ट्रायटम या खोलवरच्या भागात एकवटलेले असते हे १९५९ मध्ये बेर्टलर आणि रोसेनग्रेन यांनी दाखवले.

ससा आणि कुत्रा इथवर ठीक. पण कंपवात माणसाला होतो. व्हिएन्नात परतलेल्या हॉर्नीकिएविच यांनी तो १९५९ चा निबंध वाचला आणि माणसाचे मेंदू मिळवायला सुरुवात केली. सोबतीला हर्बर्ट एरिंगर हे तरुण सहकारी होते. पद्धत आजच्या मानाने साधी होती. मृत्यूनंतर लवकरात लवकर मेंदू काढायचा, स्ट्रायटमचे दोन भाग, म्हणजे कॉडेट आणि प्युटामेन, सुटे करायचे, त्यांचा अर्क काढायचा आणि त्यात आयोडीनचे अभिक्रियाद्रव्य घालायचे. डोपामाइन असेल तर गुलाबी रंग येतो. जितके जास्त, तितका गडद. मज्जाविकार नसलेल्या माणसांच्या अर्कात तो रंग आला. कंपवाताच्या रुग्णांच्या अर्कात जेमतेम छटा दिसली. उपकरणाने आकडा मोजण्याआधीच नळीत नुसत्या डोळ्यांना फरक दिसत होता, असे हॉर्नीकिएविच यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

१९६० च्या त्या निबंधातली संख्या पाहण्यासारखी आहे. कंपवाताचे मेंदू होते अवघे ६. हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकाराचे २, हालचालींच्या इतर अनिश्चित विकारांचे ६ आणि मज्जाविकार नसलेल्या प्रौढांचे १७. स्ट्रायटममधले डोपामाइन आटलेले सापडले ते फक्त कंपवाताच्या सहांत. पण 'आटलेले' हे ठरवायचे कशावरून? त्या १७ मेंदूंवरून. ज्यांना मेंदूचा कोणताही आजार नव्हता अशांचे मेंदू हाताशी नसते, तर त्या सहा आकड्यांना काही अर्थच उरला नसता. मेंदूदानाचा विषय निघाला की लोक म्हणतात, 'आमच्या वडिलांना काही आजार नव्हता, त्यांच्या मेंदूचा काय उपयोग?' तुलनेसाठी नेमका तोच मेंदू लागतो आणि मिळायला तोच अवघड असतो.

पुढचे पाऊल तर्काने ठरलेले होते. डोपामाइन कमी आहे तर ते द्यावे. पण डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्याचा पूर्ववर्ती पदार्थ, लेव्होडोपा (वर आलेल्या डोपाचेच एक रूप), शिरतो. हॉर्नीकिएविच यांनी व्हिएन्नाच्या लाइंट्स भागातल्या वृद्धाश्रमातले मज्जातज्ज्ञ वाल्टर बिर्कमायर यांना ते रुग्णांना टोचून पाहण्याची गळ घातली. १९६१ च्या जुलैत पहिले इंजेक्शन दिले गेले. मात्रा ५० ते १५० मिलिग्रॅम, शिरेतून. अंथरुणावर उठून बसता न येणारे रुग्ण त्यानंतर उभे राहून चालू लागले. हा परिणाम काही तासच टिकला. मळमळ आणि उलट्याही खूप झाल्या. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला जॉर्ज कोटझियास यांनी तोंडावाटे, अगदी थोडे थोडे वाढवत, दिवसाला कित्येक ग्रॅमपर्यंत औषध नेले आणि ते रोजच्या वापराचे झाले.

इतकी मोठी मात्रा लागण्याचे कारण आजही रुग्णांनी समजून घ्यावे असे आहे, कारण ते न समजल्याने औषध विनाकारण सोडले जाते. तोंडाने घेतलेल्या लेव्होडोपाचे मेंदूबाहेरच, आतडे आणि इतर ऊतींत, डोपामाइन होऊन जाते. मेंदूला फारच थोडे पोहोचते आणि बाहेर तयार झालेल्या डोपामाइनने मळमळते. हे रूपांतर बाहेर रोखण्यासाठी गोळीत कार्बिडोपा घालतात. ते काम नीट व्हायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागते. आपल्याकडे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपाच्या गोळ्या दोन प्रकारांत मिळतात: एकीत कार्बिडोपा १० मिलिग्रॅम, दुसरीत २५. पहिल्या प्रकारच्या तीन गोळ्या घेणाऱ्याला दिवसात ३० मिलिग्रॅमच कार्बिडोपा मिळते. त्याला मळमळते आणि 'मला हे औषध सोसत नाही' असे म्हणून तो गोळी बंद करतो. दुसऱ्या प्रकारच्या तीन गोळ्यांत ७५ मिलिग्रॅम होते आणि पुष्कळदा तक्रार थांबते. वेष्टनावरचे दोन्ही आकडे वाचावेत आणि बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. गोळी एकदम बंद करणे तर धोक्याचेच: अंग ताठते, कडक ताप चढतो, जिवावर बेतू शकते.

जेवणाचेही तसेच. डाळ, पनीर, अंडी, मांस यांतली काही अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच दरवाजाने शिरतात. भरपेट आमटी-उसळीवर घेतलेली गोळी म्हणून उशिरा लागू पडते, कधी लागूच पडत नाही. जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी. लोहाच्या गोळीत आणि हिच्यात किमान दोन तासांचे अंतर असावे. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड या रुग्णांना देऊ नये, ते मेंदूतल्या डोपामाइनलाच अडवते. चक्कर येते म्हणून महिनोन् महिने घेतल्या जाणाऱ्या सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिनच्या गोळ्यांनीही कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात. रेसरपीनने दाखवलेला हा धडा सत्तर वर्षांनंतरही आपल्या औषधांच्या चिठ्ठ्यांत पोहोचलेला नाही, याचे वाईट वाटते.

खाजकुइलीबद्दल एक वाक्य लिहायलाच हवे. तिच्या बियांत लेव्होडोपा असते हे खरे आहे. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ सालीच वेगळे काढले होते. पण बी-बीत प्रमाण वेगळे असते. गोळी चालू असताना न सांगता चूर्णही घेतले तर एकूण मात्रा डॉक्टरांना कळत नाही, आणि अंग वेडेवाकडे हलू लागले किंवा भास होऊ लागले की खापर गोळीवर फुटते.

हॉर्नीकिएविच १९६० च्या निबंधावर थांबले नाहीत. एका बाजूचाच कंपवात असलेल्या रुग्णाच्या मेंदूत विरुद्ध बाजूचे डोपामाइन जास्त घटलेले असते, हे त्यांच्या गटाने दाखवले. स्ट्रायटममधले जवळपास ८० टक्के डोपामाइन जाईपर्यंत लक्षणे ठळक होत नाहीत, ही आज प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाणारी गोष्टही याच कामातून आली. १९६७ मध्ये ते टोरांटोला गेले, तिथे मेंदूंच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभी केली आणि १९७६ मध्ये व्हिएन्नाला परतले. १९८८ चा किश आणि शॅनक यांच्याबरोबरचा निबंध आम्हाला सर्वांत सुंदर वाटतो. स्ट्रायटम त्यांनी बारीक तुकड्यांत विभागून मोजले तेव्हा दिसले की ऱ्हास सगळीकडे सारखा नसतो. प्युटामेनच्या मागच्या भागात डोपामाइन जवळजवळ शून्यावर आलेले असते आणि कॉडेटमध्ये त्या मानाने बरेच उरलेले असते. जिवंत माणसाच्या स्कॅनमध्ये आज डॉक्टर हाच आकृतिबंध शोधतात. २००० सालचे वैद्यकाचे नोबेल कार्लसन यांच्यासह तिघांना मिळाले, हॉर्नीकिएविच यांना वगळले गेले. त्याविरुद्ध दोनशेहून अधिक मज्जाशास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहिले होते. ते पत्र रास्त होते असे आम्हाला वाटते. २०२० च्या मे महिन्यात हॉर्नीकिएविच वारले.

आता आपल्याकडचे. १९९८ साली उदय मुथणे, एस. के. शंकर आणि सहकाऱ्यांनी बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतल्या निरोगी भारतीयांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. डोपामाइन बनवणाऱ्या पेशी तिथल्याच. भारतीय मेंदूंत या पेशींची संख्या ब्रिटनमधल्या मेंदूंच्या तुलनेत सुमारे ४० टक्के कमी निघाली, आणि वय वाढले तरी ती घटत नव्हती. परदेशी अभ्यासांत ती वयानुसार घटते. म्हणजे परदेशी मेंदूंवरून काढलेले निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू होतील हे गृहीत धरता येत नाही, आणि हे कळले ते आपल्याच लोकांचे निरोगी मेंदू तपासता आले म्हणून. निम्हान्सची मेंदूपेढी १९९५ पासून आहे. मुंबईतल्या पारशी वसाहतींत १४,०१० लोकांची घरोघर पाहणी होऊन ४६ जणांना कंपवात असल्याचे १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण मोजण्याचे इतके चांगले काम ज्या शहरात झाले, तिथल्या रुग्णांचे मेंदू अभ्यासासाठी मिळाले तर केवढे काम पुढे जाईल.

निदान पक्के होण्यासाठीही हेच लागते. लंडनच्या क्वीन स्क्वेअर मेंदूपेढीत, हयात असताना कंपवाताचे निदान झालेल्या १०० जणांचे मेंदू तपासले तेव्हा त्यांपैकी ७६ जणांनाच तो आजार होता, असे १९९२ च्या निबंधात आहे. उरलेल्यांना दुसरेच विकार होते. कंपवातात मेंदूच्या पेशींत साठणाऱ्या अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या गाठी, उपचार म्हणून रुग्णाच्या मेंदूत रोपण केलेल्या नव्या पेशींतही दहा-पंधरा वर्षांनी दिसतात, हे २००८ मध्ये शवविच्छेदनातूनच कळले. कोणताही स्कॅन ते सांगू शकला नसता.

मेंदूदान प्रत्यक्षात कसे होते याबद्दल मनात भीती असते, म्हणून ते तपशिलाने लिहितो. केसांमधून, एका कानामागून टाळूवरून दुसऱ्या कानामागे छेद घेतात. कवटीचा वरचा भाग उघडून मेंदू काढतात, तो भाग परत जागेवर बसवतात आणि त्वचा शिवतात. चेहऱ्याला धक्का लागत नाही, अंत्यदर्शन नेहमीसारखे होते, अंत्यसंस्कार त्याच दिवशी करता येतात. नेत्रदानही त्याच वेळी होऊ शकते. त्यासाठी सहा तासांची मर्यादा असल्याने ते आधी उरकतात.

मेंदूचे वजन साधारण १,२०० ते १,४०० ग्रॅम. सहसा एक अर्धगोल १० टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवतात. द्रावण मेंदूच्या आकारमानाच्या कितीतरी पट लागते, नाहीतर बाहेरचा थर घट्ट होतो आणि आतला गाभा कुजतो. दोन-तीन आठवड्यांनी मध्यमेंदू आडवा कापला की निरोगी माणसात काळी रेघ स्पष्ट दिसते. कंपवातात ती फिकट पडलेली, कधी पुसल्यासारखी. दुसऱ्या अर्धगोलाचे सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे काप करून ते झटपट गोठवतात आणि उणे ८० अंशांवर ठेवतात. सावकाश गोठवले तर बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फाटतात. वीज गेली आणि फ्रीझरला पर्यायी पुरवठा नसला, तर वर्षांचे काम एका रात्रीत वितळते.

इथेच देहदानाचा आणि मेंदूदानाचा फरक आहे. देहदान केलेल्या देहात शरीररचनाशास्त्र विभाग तो टिकवणारे द्रावण भरतो. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी ते योग्यच आहे. पण त्यानंतर त्या मेंदूत डोपामाइन, आरएनए किंवा विकरे मोजता येत नाहीत. मेंदू द्रावण भरण्याआधी काढावा लागतो आणि तोवर देह शीतगृहात असावा लागतो. जितके तास जातील तितकी रसायने मोडतात. मृत्यूआधी बराच काळ प्राणवायू कमी पडला असेल तर मेंदूतली आम्लता वाढते आणि नमुन्याचा दर्जा आणखी उतरतो. म्हणून 'देहदानाचा अर्ज भरला आहे, त्यातच मेंदू आला' असे समजू नये.

घरच्यांनी करायचे ते आधीच करून ठेवावे लागते. अर्ज भरलेला असला तरी मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती लागते. एका मुलाने वेळेवर नकार दिला की सगळे थांबते, त्यामुळे सर्वांशी बोलणे आधी झालेले असावे. एक वही ठेवावी: लक्षण कोणत्या हातापायात आधी आले आणि कोणत्या वर्षी, वास येणे कधी बंद झाले, झोपेत ओरडणे-हात झाडणे कधी सुरू झाले, कोणती गोळी किती वाजता, भास होत का, शेवटची गोळी केव्हा दिली. ही माहिती नसलेला मेंदू निम्म्या उपयोगाचा. कावीळ ब किंवा क, एचआयव्ही यांची बाधा असेल तर आधी सांगावे. अपघाती मृत्यूत शवविच्छेदन होणारच असते. तिथे नातेवाइकांच्या संमतीने मिळालेले मेंदू हा तुलनेच्या नमुन्यांचा मोठा स्रोत आहे.

पण नागपूर किंवा कोल्हापूरच्या घरातून रात्री दोनला बंगळूरला फोन करून भागणार नाही. राज्यातल्या दोन-तीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या विकृतिशास्त्र विभागात मेंदू काढून गोठवण्याची सोय करावी, ही आमची मागणी आहे. लागते ते इतकेच: गजर आणि पर्यायी वीज असलेला उणे ८० अंशांचा फ्रीझर, पाळीवर बोलावता येणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ, एक मज्जाविकृतितज्ज्ञ, संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता आणि निम्हान्सशी करार. शवविच्छेदनाची खोली आणि करवत तिथे आहेच. देहदानाच्या अर्जात 'मेंदू संशोधनासाठी आधी काढण्यास संमती आहे / नाही' असा एक रकाना वाढवायला तर पैसेही लागत नाहीत.

आपल्या वृत्तपत्रात देहदानाची बातमी येते तेव्हा शेवटी नेत्रपेढीचा दूरध्वनी आपण छापता. त्याखाली आणखी दोन ओळी द्याव्यात, ही विनंती: मेंदू द्यायचा असेल तर देहात द्रावण भरण्याआधी सांगा, आणि आजार नसलेल्यांचाही मेंदू लागतो.

आपले,
मज्जाविकार व औषधशास्त्र या विषयांचे दोन अध्यापक, पुणे